अर्ध्या इंचाची फट

(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त पिंपळगाव बसवंत येथे ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला एक कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. माझा हात टाचणी, फाईल आणि आवक-जावक रजिस्टर यांवर बसलेला. रंधा नि पटाशी यांच्याशी माझा संबंध आला तो स्वतःचे घर बांधताना, तेवढाच. तरीही समितीचे म्हणणे असे पडले की, नव्या सभामंडपाच्या भिंतीत तुळयांच्या टोकांशी जी फट ठेवली आहे, तिच्याविषयी गावात जी चर्चा चालू आहे तिचा खुलासा मीच करावा. कारण फट ठेवण्याचा आग्रह माझा होता.

चर्चा माझ्या कानावर आली आहे. "एवढे पैसे जमवले आणि शेवटी भिंत बुजवायला सिमेंट कमी पडले काय?" असे पारावर बोलले गेले. मुंबईहून आलेल्या एका देणगीदारांनी तर मंडपात उभे राहून वर बोट दाखवले आणि मला विचारले, "हे काम अर्धवट का राहिले?" प्रश्न रास्त आहे. ज्याने पैसा दिला त्याला विचारण्याचा हक्क आहे, आणि ज्याने आग्रह धरला त्याने उत्तर दिले पाहिजे.

प्रथम या तुळया कसल्या आहेत ते सांगतो, कारण पुष्कळांचा समज असा आहे की आपण प्लायवुडच्या तुळया घातल्या. तसे नाही. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवतात. आपल्या तुळईत दीड-दीड इंच जाडीच्या आठ फळ्या एकीवर एक अशा चिकटवल्या आहेत आणि सर्वांचे तंतू एकाच दिशेने, तुळईच्या लांबीने, धावतात. आठ गुणिले दीड, म्हणजे बारा इंच उंची. फळी लांबीला अपुरी पडली तर दोन फळ्यांची टोके हाताची बोटे बोटांत गुंतवावीत तशी कातून जोडतात. इंग्रजीत या प्रकाराला ग्लूलॅम म्हणतात.

असा खटाटोप कशासाठी? तर बारा इंच उंचीचा अखंड ओंडका आतल्या गाभ्यापर्यंत वाळायला वर्षे लागतात; वरून सुका दिसतो, आत ओला राहतो, आणि घरात बसवल्यावर पिळतो, तडकतो. दीड इंचाची फळी मात्र भट्टीत आरपार वाळते. शिवाय फळी हातात असल्यामुळे गाठ दिसते, ती कापून टाकता येते. चांगल्यातल्या चांगल्या फळ्या सर्वांत खाली आणि सर्वांत वर घालतात, मध्यम प्रतीच्या मधे. हे का, ते पुढे घंटेच्या वेळी सांगेन.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत वायमार येथील ओटो हेट्झर या सुतारकामाच्या कारखानदाराने १९०६ साली तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पेश्टिगो या गावी १९३४ मध्ये एका शाळेच्या व्यायामशाळेवर असल्या कमानी प्रथम चढल्या. त्या काळी फळ्या चिकटवण्यासाठी केसीन वापरीत, म्हणजे दुधातला तोच पदार्थ जो दूध नासल्यावर चोथा होऊन वेगळा पडतो. माझ्या मातोश्रींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पनीरवर छप्पर?" पण केसीनला पाण्याचे भय असे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाण्याला न जुमानणारे रासायनिक डिंक निघाले आणि मग या तुळया खुशाल पुलांनाही लागू लागल्या. आपल्याकडे बाजारात काही ठिकाणी फर्निचरच्या पांढऱ्या डिंकाने आणि खिळ्यांनी जोडलेल्या फळ्या "तीच वस्तू" म्हणून मिळतात. ती वस्तू तीच नव्हे. पांढरा डिंक कायमच्या ओझ्याखाली हळूहळू सरकतो आणि तुळई दरवर्षी थोडी थोडी लोंबते. घेताना डिंक कोणता, हे लेखी घ्यावे. कारकुनाचा सल्ला आहे, पण उपयोगी आहे.

सागाचे काय, असे वयोवृद्ध मंडळी विचारतील. सागाची बरोबरी नाही, हे मी हात जोडून मान्य करतो. आपल्याच महामार्गावर पुढे चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, नाशिकला सरकारवाडा आहे. अठराव्या शतकातले ते लाकूड पाहिले की आपली नवी तुळई शाळकरी पोर वाटते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली साग गेला तोही आपल्या बल्लारपूरहून. परंतु सोळा फूट लांब, बारा इंच उंच, निखळ गाभ्याचा साग आज सामान्य माणसाने कोठून आणावा? स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ते कागद मी रोज पाहतो. म्हणून परदेशातून गांधीधामकडे उतरणारे पाइनचे लाकूड आणि त्याच्या चिकटवलेल्या तुळया, हा मार्ग मी माझ्या घरासाठी धरला आणि पुढे समितीनेही धरला.

आता माझ्या घराची गोष्ट. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण फटीचे मूळ तिथेच आहे.

घर बांधले तेव्हा पुढच्या खोलीवर चार तुळया आल्या. एकेकीचे वजन शंभर किलोच्या आसपास. पाऊस तोंडावर होता, कचेरीतून रजा मोजकी मिळाली होती आणि वास्तुशांतीचा मुहूर्त काढून झाला होता. गवंडीदादांनी भिंतीत खोबणी ठेवल्या होत्या. तुळया चढल्या, टोके खोबणीत गेली आणि दादांनी विचारले, "साहेब, घट्ट बुजवू ना?" मी म्हणालो, "अगदी घट्ट बुजवा, हलता कामा नये." त्यांनी चारी बाजूंनी ओला माल ठोसून भरला, वर गिलावा केला. काय सुंदर दिसत होते! तुळई जणू भिंतीतूनच उगवली आहे. मी येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवीत असे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीपाशी एका तुळईवर हातभर काळसर डाग दिसला. मी त्यावर पॉलिश मारले. तिसऱ्या पावसाळ्यात खोलीत ओल्या पालापाचोळ्यासारखा वास येऊ लागला. एके दिवशी वायरमन आला होता, त्याने सहज स्क्रू-ड्रायव्हर त्या डागावर टेकवला आणि तो दीड इंच आत गेला. लाकडात नव्हे, लोण्यात गेल्यासारखा.

मंडळी, मी त्या रात्री झोपलो नाही. कारण त्या तुळईखाली माझी मुले अभ्यासाला बसत. आणि दुसरे कारण असे की मला ते चित्र ओळखीचे होते. दर पावसाळ्यात कचेरीत घरपडीचे पंचनामे येतात. "सततच्या पावसाने भिंत खचून छप्पर कोसळले" हे वाक्य मी इतक्या वेळा उतरवून घेतले आहे की ते डोळे मिटून लिहीन. एक-दोनदा स्थळपाहणीला बरोबर गेलो होतो, तेव्हा पडलेल्या घराची तुळई पाहिली: मधला भाग टणक, कुऱ्हाडीला दाद न देणारा; आणि भिंतीत असलेले टोक तपकिरीच्या भुग्यासारखे. पंचनाम्यात भिंत खचल्याची नोंद होते, टोकाची होत नाही. टोक कुणी पाहिलेलेच नसते.

कारण साधे आहे. लाकडाला कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला पाणी लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेकडा वीस भागांहून कमी पाणी लाकडात असेल, तर बुरशी धरत नाही. कारखान्यातून तुळई येते तेव्हा पाणी शेकडा बाराच्या आसपास असते. ती हवेत राहिली तर पावसाळ्यात थोडी चढते, उन्हाळ्यात उतरते, वीसची हद्द सहसा ओलांडत नाही. आपल्या निफाड तालुक्यात थंडीत पारा चार-पाच अंशांवर येतो आणि मे महिन्यात चाळिशी गाठतो; लाकूड हे सारे सोसते. पण टोक सिमेंटमध्ये गाडले की भिंतीने शोषलेली ओल त्याला सतत मिळते आणि ती परत बाहेर पडायला वाट नसते. त्यात लाकडाचे टोक म्हणजे हजारो नळ्यांची उघडी तोंडे. पाणी बाजूने शिरते त्याच्या कितीतरी पट टोकाने शिरते. फळ्या चिकटवलेल्या असल्या, डिंक उत्तम असला, तरी कुजायला लाकूड आहेच. डिंक शाबूत राहतो आणि लाकूड जाते.

हे मला पुस्तकातून कळले असते तर मी विसरलो असतो. मला ते समजावले आमच्या चुलत्यांच्या कांदाचाळीने. तात्या कांदा भरीत होते. चाळ जमिनीपासून उचललेली, खाली पोकळी, बाजूंना पट्ट्यांमधून वारा खेळता. मी माझे रडगाणे सांगितले. तात्या म्हणाले, "अरे, कांद्याला हवा पाहिजे हे तुला कळतं. द्राक्षाच्या पेटीला भोकं पाडतोस. मग लाकडाला काय पाप लागलं होतं?"

मग काम केले. खाली लोखंडी टेकू लावले, भिंत फोडली, टोक उघडे केले. सव्वा फुटापर्यंत लाकूड गेले होते. ते कापले. आता तुळई भिंतीपर्यंत पोहोचेना, म्हणून भिंतीपासून दोन फूट आत, चांगल्या लाकडाखाली, एक खांब उभा करावा लागला. तो आजही माझ्या पुढच्या खोलीत आहे. पाहुणे विचारतात, हा खांब इथे कशाला? तर आमच्या सौ. उत्तर देतात, "तो ह्यांच्या मुहूर्ताचा खांब." उरलेली सातही टोके आम्ही उकरून मोकळी केली. त्यांतली दोन ओली होती, पण वेळेवर सुटली.

आता मंडपातली फट. तिथे तुळईचे टोक खोबणीत पाच इंच आत आहे. ते विटेवर किंवा मालावर टेकलेले नाही. खाली काँक्रीटची बैठक आहे आणि तिच्यावर लोखंडी पाटा, म्हणजे खालची ओल लाकडाला भिडत नाही. दोन्ही बाजूंना, वर आणि टोकासमोर अर्धा-अर्धा इंच जागा मोकळी आहे. टोकाला बसवण्याआधीच रंगाचे दोन हात दिले. बाहेरच्या अंगाने भिंत पुरी बंद आहे, पागोळी दोन फूट पुढे काढली आहे. फट उघडते ती आत, मंडपात. तिच्यावर बारीक जाळी मारली आहे, ती पाली आणि चिमण्यांसाठी. पाया भरतानाच वाळवीचे औषध मातीत दिले होते, कारण वाळवीला चिकटवलेले आणि अखंड असा भेद कळत नाही. तरीही ती आलीच, तर तिची मातीची वाट फटीत दिसेल. बुजवलेल्या भिंतीत दिसली नसती.

दुसरी शंका एका माउलीने घेतली आणि ती फार मोलाची आहे. "फट ठेवली म्हणजे तुळई सुटी. भूकंप झाला तर?" मी तेव्हा शाळेत होतो, पण ३० सप्टेंबर १९९३ ची ती सकाळ माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवते. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर धाब्याचे मातीचे छप्पर, पिढ्यान्‌पिढ्या थर चढवून जड झालेले. जिथे तुळया नुसत्या भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे भिंत फुगून सरकली आणि ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. जिथे छप्पर लाकडी खांबांच्या खणांवर होते, तिथे भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला. पुढे घरे बळकट करण्याचे जे उपाय सांगितले गेले, त्यांत खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार ठोकणे हा एक होता.

यातून मी एवढेच घेतले की मालाने बुजवणे म्हणजे बांधणे नव्हे. भिंत हलली की माल आधी सुटतो. तुळई बैठकीला बांधलेली हवी. आपल्या मंडपात लोखंडी पाट्याला दोन्ही बाजूंनी उभे कान आहेत, पाट्याचे पाय काँक्रीटमध्ये खोल गेले आहेत आणि कानांतून तुळईतून आरपार बोल्ट आहेत. वळवाच्या वादळात पत्रे उडतात ते याच बांधणीअभावी. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, आणि वजनाच्या भरवशावर राहिलेली तुळई पत्र्यासह उठते. बोल्टचे एक बारकावे सांगतो. लाकूड पावसाळ्यात उंचीला आणि रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. बारा इंचांच्या तुळईत हा फरक पाव इंचाच्या आतबाहेर जाऊ शकतो. म्हणून खालचा बोल्ट नेमक्या भोकात आहे आणि वरच्या बोल्टसाठी लोखंडी कानाला उभे लांबट भोक आहे. दोन्ही नेमकी ठेवली असती, तर तुळई फुगताना-आकसताना दोन बोल्टांमध्ये अडकून तडकली असती.

तुळया आल्या तेव्हा घडलेले दोन प्रसंग सांगतो. पहिला असा की, एका बागायतदार बंधूंनी प्रेमाने आपली शेड दिली आणि तुळया प्लास्टिकच्या कागदात गच्च गुंडाळून जमिनीवर ठेवल्या. आठ दिवसांनी कागद उघडला तर आतून घाम. मग खाली आडवे ठोकळे घातले, कागद वरून ठेवला आणि तळाला चिरला. दुसरा असा की, प्रत्येक तुळईच्या एका अंगावर "टॉप" अशी अक्षरे छापलेली होती. उचलताना मंडळींनी ठरवले की अक्षरे मंडपातून दिसायला नकोत, तेव्हा तुळई फिरवून घ्यावी. हे तर बरेच झाले, कारण अक्षरांची बाजू वर जायलाच हवी होती! पण एका तुळईला घाईत ती खाली आली. तुळईला कारखान्यातच किंचित वरच्या अंगाला बाक दिलेला असतो, म्हणजे ओझे आले की ती सरळ होते. उलटी बसवली तर आधीच खाली बाक, त्यात ओझे. एका शाळकरी मुलाने खालून ओरडून सांगितले म्हणून ती पुन्हा उतरवली. साखळीऐवजी रुंद पट्ट्यांनी उचलली होती, म्हणून कोपरे शाबूत राहिले.

राहिली घंटा. घंटा देणाऱ्या कुटुंबाची मनापासून इच्छा होती की ती मधल्या तुळईच्या खालून, हूक घालून टांगावी. मी नाही म्हणालो आणि त्यांचा रुसवा ओढवून घेतला. आज सर्वांसमक्ष कारण सांगतो. तुळई ओझ्याखाली वाकते तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते आणि मधली बरीचशी निवांत असते. म्हणूनच उत्तम फळ्या खाली-वर घातलेल्या असतात. सर्वांत खालच्या फळीला मध्यावर भोक पाडणे म्हणजे ताणलेल्या दोरीलाच चाकू लावणे. त्यात घंटा हलती, रोज शेकडो हातांनी वाजणारी. आता घंटेचा लोखंडी पट्टा तुळईच्या वरून घेऊन दोन्ही बाजूंनी खाली उतरवला आहे. तुळईला एकही भोक नाही आणि आवाज पूर्वीसारखाच पारापर्यंत जातो. घरी पंखा टांगतानाही असेच करावे. वायर न्यायची झाली तर लहान भोक उंचीच्या मध्यावर पाडावे, खाली खाच घेऊ नये.

जे घर बांधत आहेत त्यांनी हवे तर माझ्याकडे यावे. खांब पाहता येईल, चहा मिळेल, आणि कापून काढलेला तो सव्वा फुटाचा तुकडा मी फडताळात जपून ठेवला आहे, तोही हातात घेता येईल. एका बाजूने दाबला तर अजून भुगा सांडतो, म्हणून सौ.नी खाली वर्तमानपत्र धरण्याची अट घातली आहे.

समितीने माझी एक विनंती मान्य केली आहे. मंदिराच्या दप्तरात एक वही घातली असून तिच्यात तुळयांच्या चौदाही टोकांना क्रमांक दिले आहेत. दरवर्षी दसऱ्यानंतर शिडी लावून, जाळी काढून, प्रत्येक टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून पाहायचा आणि पुढे शेरा लिहायचा. यंदाची नोंद माझ्या अक्षरात आहे: क्रमांक एक ते चौदा, कोरडे. पश्चिमेचे क्रमांक आठ ते चौदा आधी पाहावेत, कारण झड तिकडून येते. शिडी भांडारात उजव्या हाताला आहे आणि वही पुजारीबुवांकडे.